लंडनची नाताळची लायटिंग, फोटो आणि घरी आल्यावरची उदासी

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. धागा फोटोग्राफी विभागात टाकतेय पण प्रश्न निम्मा फोटोंचा आणि निम्मा माझा आहे, त्यामुळे दोन्हीतलं ज्यांना जे कळतं ते त्यांनी लिहा.

मी मूळची सांगलीची, नोकरीसाठी आले आणि आता पूर्व लंडनमध्ये राहते. इथे नोव्हेंबर लागला की मला बरं नसतं. म्हणजे ताप वगैरे नाही, अंग जड होतं, सकाळी उठवत नाही, कोणाचा फोन आला तर उचलावासा वाटत नाही, आणि डिसेंबर आला की त्यात सणाची भर. ऑफिसात सगळ्यांचं चालू असतं, कोण कुठे जाणार, कोणाकडे जेवण, सीक्रेट सांता, आणि २४ च्या दुपारपासून सगळं बंद. फ्लॅटमधल्या दोघी आपापल्या घरी जातात. दिवाळीत मी इथे एकटी असते तेव्हा निदान आजूबाजूला सण नसतो, पण नाताळात अख्खं शहर सजलेलं असतं आणि त्यात आपलं कोणीच नसतं, ते फार लागतं. आई फोनवर म्हणते तुला कमी काय आहे. काही कमी नाहीये हो खरंच, म्हणून तर समजावता येत नाही. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन आलेय, गोळी सुरू आहे, ती बंद वगैरे करणार नाहीये हे आधीच सांगते.

एक मिररलेस कॅमेरा घेतलाय, सेकंडहँड, सोबत ३५ एमएमची लेन्स. ऑफिस सुटलं की सात-साडेसातला रीजंट स्ट्रीट, ऑक्सफर्ड स्ट्रीट, कोव्हेंट गार्डन असं फिरते. फोटो काढत असते तेवढा वेळ खरंच चांगला जातो, डोक्यातलं चक्र थांबतं. त्रास होतो घरी आल्यावर. लॅपटॉपवर फोटो उघडले की प्रत्येक फ्रेममध्ये कोणाचं तरी कुटुंब, कोणीतरी बाळाला खांद्यावर घेतलंय, कोणीतरी कोणाचा हात धरलाय, आणि मग रात्री एक-दीडपर्यंत मी तेच बघत बसते आणि जाण्याआधी होते त्यापेक्षा वाईट अवस्था होते. त्यात फोटोही धड येत नाहीत. रीजंट स्ट्रीटवरचे ते पंख पसरलेले देवदूत म्हणजे नुसते पांढरे गोळे दिसतात, आकाश काळंकुट्ट, आणि बऱ्याच फोटोंवर आडवे काळे पट्टे येतात.

तर एक म्हणजे पट्टे आणि पांढरे गोळे यांचं काय करायचं, आणि दुसरं म्हणजे हे असं फिरणं चालू ठेवावं की सोडून द्यावं. २५ तारखेचं तर मला आत्तापासूनच टेन्शन आलंय.

तिपाई

कृष्णाकाठ, आधी फोटोंचं सांगतो, दुसऱ्या भागावर माझ्यापेक्षा जाणते लोक लिहितील.

पट्ट्यांचं कारण सोपं आहे. इथली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात, डोळ्याला कळत नाही पण सेन्सरला कळतं. शटर, म्हणजे फोटो घेताना उजेड आत येण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, आणि कॅमेऱ्यात सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर ते बंद करून मेकॅनिकल घ्या. काही एलईडी स्वतःच्या वेगळ्या वेगाने लुकलुकतात, तिथे शटर अजून हळू करून बघायचं. अँटी-फ्लिकर सेटिंग असेल तर तेही चालू करा. बहुतेक पट्टे एवढ्यानेच जातील.

आता पांढरे गोळे. तुम्ही सातला जाता हीच अडचण आहे. सातला आकाश पूर्ण काळं असतं, दिवे भगभगीत, कॅमेरा काळोख बघून एक्स्पोजर म्हणजे आत घ्यायचा उजेड वाढवतो आणि देवदूतांचे पंख जळून जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ किंवा उणे दीड करा आणि रॉमध्ये म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, सावल्या नंतर उचलता येतात, जळालेलं पांढरं परत आणता येत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वेळ. डिसेंबरच्या मध्यात लंडनचा सूर्यास्त ३ वाजून ५० मिनिटांच्या आसपास असतो आणि चार ते साडेचार आकाश गडद निळं असतं, तेव्हा दिव्यांचा आणि आकाशाचा उजेड जवळपास एका पातळीवर येतो. मोसमातले सगळे चांगले फोटो त्या अर्ध्या तासात होतात. निळ्यावर ते पिवळसर पांढरे पंख इतके सुंदर उठतात की एडिटिंगला काही उरतच नाही. शनिवार-रविवार मोकळे असतील तर तीन वाजता जागेवर पोचा.

जागांबद्दल. रीजंट स्ट्रीट १९५४ पासून सजतोय, ऑक्सफर्ड स्ट्रीट १९५९ पासून, त्यामुळे गर्दी तिकडेच लोटते, आणि तुम्हाला जर कुटुंबांची गर्दी बघून त्रास होत असेल तर मी म्हणेन सिटी म्हणजे जुन्या ऑफिसांच्या भागातलं लेडनहॉल मार्केट बघा. १८८१ चं छत असलेलं मार्केट, मरून-हिरवे-सोनेरी रंग, मधोमध झाड उभं करतात, आणि शनिवार-रविवारी ऑफिसं बंद असल्यामुळे त्या भागात माणसं बरीच कमी. ३५ एमएमला अगदी योग्य जागा. ट्रफल्गार स्क्वेअरचं झाड ओस्लोकडून येतं, १९४७ पासून दर वर्षी, महायुद्धातल्या मदतीचे आभार म्हणून. वीस मीटरच्या वर उंच असतं आणि त्याला दिव्यांच्या माळा नॉर्वेच्या पद्धतीने उभ्या सोडतात, गुंडाळत नाहीत, त्यामुळे कॅमेरा उभा धरा आणि लांबून काढा. लोक दर वर्षी त्याला किडकिडीत म्हणून नावं ठेवतात, मला ते फार आवडतं, मॉलमधल्या झाडासारखं खोटं भरगच्च नसतं ते.

पाऊस पडला तर घरी बसू नका, ओल्या रस्त्यावर सगळं लायटिंग दुप्पट होतं, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा. बॅटरी आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात लवकर उतरते. आणि बाहेरून गरम घरात शिरताना कॅमेरा बॅगेत बंदच राहू द्या, लगेच काढला तर लेन्सवर आत-बाहेर बाष्प धरतं.

सह्याद्रीवारा

ताई एवढा विचार करू नका. लंडनला आहात, लोक स्वप्न बघतात तिथे जायची. सणाचे दिवस आहेत, मस्त फिरा, खा, प्या, बी पॉझिटिव्ह! फारच वाटत असेल तर तिकीट काढा आणि सांगलीला या, भडंग खा, सगळं विसराल.

हिमगौरी

सह्याद्रीवारा, तुम्ही आपुलकीनेच लिहिलंय हे कळतंय, पण कृष्णाकाठने वर लिहिलंय ना की कमी काही नाही हे तिला माहीतच आहे. अशा अवस्थेत बी पॉझिटिव्ह ऐकलं की माणूस बोलणंच बंद करतो, मी केलं होतं. आणि ख्रिसमसच्या आठवड्याचं तिकीट कितीला पडतं तेही एकदा बघा.

कृष्णाकाठ, मी बरीच वर्षं अमेरिकेत मिनेसोटात आहे आणि हिवाळ्याचं हे दुखणं माझं जुनं आहे. डॉक्टर नाही, पण माझ्या डॉक्टरांकडून आणि वाचून जे शिकले ते सांगते. दर वर्षी ठरावीक महिन्यांत येणारं आणि वसंतात जाणारं डिप्रेशन हे खरं, नोंदलेलं दुखणं आहे. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत त्याचं वर्णन करून त्याला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर हे नाव दिलं, आणि रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतल्या उजेडातून न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात आलेले होते. तुमचं तेच आहे का हे तुमचे जीपी सांगतील, पण नोव्हेंबर लागला की सुरू होतं हे तुम्ही त्यांना मुद्दाम सांगितलंय का? नसेल तर सांगा, कारण त्याने उपचार बदलू शकतात.

आता तुमच्या फोटोंवर येते. तुमचं वेळापत्रक वाचून मला जे वाटलं ते हे की तुम्ही अंधारात ऑफिसला जाता, अंधारात निघता आणि मग अंधारात दिवे बघायला जाता, म्हणजे खरा उजेड तुमच्या डोळ्यांत जातच नाही. ते लायटिंग कितीही झगमगीत वाटलं तरी डोळ्यापर्यंत पोचणारा उजेड फार थोडा असतो, आजूबाजूला काळोख म्हणून तो मोठा वाटतो. ढगाळ, मरगळलेल्या दुपारीसुद्धा उघड्यावर हजार-दोन हजार लक्स (उजेड मोजायचं माप) सहज मिळतात, ऑफिसात बऱ्याचदा पाचशेही नसतात. उपचाराचा लाइट बॉक्स असतो तो १०,००० लक्सचा, सकाळी उठल्यावर वीस-तीस मिनिटं त्याच्यासमोर बसायचं, त्यात बघायचं नाही, बाजूला ठेवून चहा प्यायचा. बायपोलरचा त्रास असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

म्हणून माझं म्हणणं, फिरणं अजिबात सोडू नका, पण ते दिवसात सरकवा. दुपारी बारा-एकला बाहेर पडा, सजावट दिवसा काढा. दिवसा ती कोणी बघत नाही आणि मला तर दिवसाच जास्त आवडते, विझलेले बल्ब, वायरी, तारेचे सांगाडे, इमारतींच्या मध्ये ताणलेले दोर, रात्री ज्याला आपण देवदूत म्हणतो त्याचं सगळं लोखंड दिसतं. मग तिपाईंनी सांगितलेला तो निळा अर्धा तास घ्या आणि पाचला घरी. थेरपिस्ट लोक ज्याला बिहेव्हियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात ते साधारण असंच असतं, मन तयार व्हायची वाट न बघता ठरलेल्या वेळी ठरलेलं छोटं काम करायचं.

दुसरं, रात्रीचं बघणं बंद. तुमचा चांगला वेळ तो काढण्यातला आहे हे तुम्हीच लिहिलंय, डोळा कामात असतो, पुढची फ्रेम शोधत असतो. रात्री लॅपटॉपसमोर तोच डोळा फक्त तुलना करत बसतो. कॅमेरा बाष्पासाठी बॅगेत बंद ठेवायचाच आहे ना, मग तो सकाळपर्यंत तिथेच राहू दे, कार्ड दुसऱ्या दिवशी दुपारी उजेडात उघडा. आणि ते इन्स्टावर टाकणं वगैरे जानेवारीत.

एक विचारते, राग मानू नका. जगणंच नको, असे विचार येतात का? येत असतील तर त्याच वेळी कोणाशी तरी बोला. इंग्लंडमध्ये १११ लावून २ दाबलं की मानसिक आरोग्याची मदत मिळते, समॅरिटन्स या हेल्पलाइनचा ११६ १२३ फुकट आहे आणि चोवीस तास, २५ तारखेलाही चालू असतो. भारतातून वाचणाऱ्यांसाठी टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, मराठीत बोलता येतं.

निर्मळचा_तारा

मी वसईचा, निर्मळकडचा. आमच्या घरी नाताळ हा आमचाच सण, त्यामुळे कृष्णाकाठ यांच्यापेक्षा माझी बाजू उलटी आहे, पण दुखणं ओळखीचं वाटलं म्हणून लिहितोय.

माझी बायको गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळाला मला घरावर तारा लावायची इच्छाच नव्हती. आमच्याकडे डिसेंबर लागला की वाडीवाडीत तारे लागतात, कागदाचे, बांबूच्या कामट्यांचे, आता प्लॅस्टिकचे पण, आणि तरुण मुलं येशूजन्माचा गोठा उभारतात, पेंढा आणतात, डोंगर करतात, पाणी सोडतात. एक घर अंधारात असलं की लगेच दिसतं. लोक येऊन विचारायचे आणि मला ते विचारणंही सहन व्हायचं नाही. मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, गेलो तर शेजारची जागा रिकामी. नाताळात सगळे आनंदी असतात आणि फक्त परका माणूस दुःखी असतो असं तुम्हाला तिकडे वाटत असेल तर ते तसं नाही, एवढं मी खात्रीने सांगतो. तुमच्या फोटोत जी कुटुंबं आहेत त्यातल्या कितीतरी घरांत या वर्षी एक पान कमी वाढलं जाणार असेल.

मला फोटोंची थोडी आवड, मोबाइलवरच काढतो. त्या वर्षी मी सजलेलं काही काढलं नाही, तयारी काढली. कामट्या तासणारा म्हातारा, गोंदाने भरलेले हात, शिडीवर चढून वायर ओढणारा पोरगा आणि खालून शिडी धरणारे दोघे, पेंढ्याच्या भाऱ्यावर झोपलेलं मांजर. त्यात मजा अशी की तुम्ही काम करणाऱ्याचा फोटो काढता तेव्हा तो तुमच्याशी बोलतो, विचारतो कसा आला दाखवा, आणि तुम्ही आपोआप शिडी धरायला लागता. सजावट पूर्ण झाली की मग सगळे फक्त बघणारे. हिमगौरी ताईंनी दिवसा काढा सांगितलं त्याला म्हणून माझं अनुमोदन, वेगळ्या कारणासाठी. लंडनमध्येही ते दिवे कोणीतरी टांगतच असेल, रोज कुठेतरी दुरुस्ती चालू असेल, त्यांना शोधा.

अजून एक. तिकडच्या बऱ्याच चर्चेसमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास सर्वात मोठ्या रात्रीची प्रार्थना ठेवतात, काही ठिकाणी तिला ब्लू ख्रिसमस म्हणतात. ज्यांना सण जड जातो त्यांच्यासाठीच असते, जल्लोष नसतो, मेणबत्ती लावून शांत बसायचं. ख्रिश्चन असायची गरज नाही, कोणी काही विचारत नाही. जमलं तर मागच्या बाकावर बसून या.

सह्याद्रीवारा

हिमगौरी, बरोबर आहे तुमचं. ताई, तिकिटाचं राहू दे, पण सांगलीहून भडंग पाठवायचं असेल तर खरंच सांगा, माझा भाऊ जानेवारीत लंडनला येतोय.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला वेळ लागला कारण आधी करून बघायचं होतं.

हिमगौरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. तसे विचार नाहीत, पण गेल्या हिवाळ्यात काही रात्री अशा होत्या की नंबर जवळ असता तर बरं झालं असतं. आता दोन्ही नंबर सेव्ह केलेत. नोव्हेंबरचं जीपींना सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं आणि टॉकिंग थेरपीसाठी, म्हणजे बोलून करायच्या उपचारासाठी, मला स्वतःच अर्ज करता येतो हे सांगितलं, जीपीची चिठ्ठी लागत नाही, तो भरलाय, थांबावं लागेल असं दिसतंय. लाइट बॉक्स मागवलाय.

शनिवारी दुपारी एकला निघाले. निघताना अजिबात इच्छा नव्हती, बूट घालून पलंगावर बसून होते बराच वेळ. लेडनहॉलला खरंच माणसं कमी होती. झाड दिवसाउजेडी बघितलं, छताच्या लोखंडी नक्षीचे रंग दिवसा जास्त कळतात. नंतर चालत ट्रफल्गारकडे निघाले तर वाटेत एका दुकानासमोर माणसाला वर नेणारा पाळणा लावलेली गाडी उभी, त्यात हेल्मेट घातलेला माणूस एक बंद पडलेली माळ काढून दुसरी लावत होता. निर्मळचा_तारा यांची आठवण झाली म्हणून थांबले, खालून विचारलं फोटो काढू का. त्याने अंगठा दाखवला. खाली आल्यावर बराच वेळ बोलला, पोलंडचा आहे, जानेवारीत हेच सगळं उतरवायचं कामही त्याचंच असतं म्हणे आणि तेव्हा कोणी फोटो काढायला येत नाही. मी येईन म्हटलंय. त्याचा हात आणि तोंडात धरलेली केबल टाय असा एक फोटो आलाय तो मला फार आवडलाय, त्याला विचारून इथे टाकेन.

निळा अर्धा तास ट्रफल्गारला मिळाला. शटर १/५०, उणे १, पट्टे गेले! झाडाच्या उभ्या माळा एकेक वेगळी दिसतेय. पाचला घरी होते. कार्ड सकाळपर्यंत काढलं नाही, हात शिवशिवत होते पण नाही काढलं. रविवारी दुपारी बघितले तेव्हाही गर्दीच्या फोटोंवर थोडं थांबायला झालं, पण रात्रीसारखी आत ओढली नाही गेले. सोमवार मात्र वाईटच गेला, उगाच सगळं बरं झालं असं लिहायचं नाहीये मला.

२१ च्या प्रार्थनेसाठी घराजवळचं एक चर्च सापडलंय. २५ चं मात्र अजून कळत नाही, ट्यूब बंद, बस बंद, घराच्या चार भिंतींत तो दिवस कसा काढायचा.

हिमगौरी

सोमवारचं लिहिलंत ते फार बरं केलंत. असे सोमवार येणार, त्या दिवशी फक्त लाइट बॉक्स आणि दुपारी ऑफिसच्या बाहेर दहा-पंधरा मिनिटं, कॅमेरा नाही घेतला तरी चालेल. आणि एक गोष्ट मला दर वर्षी उपयोगी पडते ती सांगते, सर्वात लवकरचा सूर्यास्त २१ ला नसतो. लंडनमध्ये तो १२-१३ डिसेंबरलाच होऊन जातो, त्यानंतर संध्याकाळ मिनिटामिनिटाने पुढे सरकायला लागते, सकाळ मात्र नववर्षापर्यंत अजून उशिराच होत जाते. मी कॅलेंडरवर तो दिवस लाल करून ठेवते.

तो जानेवारीत लायटिंग उतरवण्याचा फोटो नक्की काढा, तेवढ्यासाठी तरी जानेवारीतला एक दिवस आत्ताच ठरवून ठेवा.

तिपाई

२५ चं सांगतो. त्या दिवशी इथे सार्वजनिक वाहतूक जवळपास शून्य असते त्यामुळे मध्य लंडन चालणाऱ्यांचं होतं, रस्त्याच्या मधोमध उभं राहून इमारती काढता येतात, एरवी कधीच जमत नाही. मी आणि अजून काही मराठी मंडळी, त्यात दोन बायका आहेत, एकीची शाळेतली मुलगी पण असते, दर वर्षी टॉवर हिलपासून चालतो. लेडनहॉल, सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीट, स्ट्रँड करत ट्रफल्गार, साधारण चार किलोमीटर, वाटेत डबा खायचा कारण दुकानं बंद असतात. ज्याला बोलायचं तो बोलतो, नाहीतर आपापले फोटो काढत चालायचं, मधूनच परत फिरलं तरी कोणी का म्हणून विचारत नाही. पूर्व लंडनमधून टॉवर हिलला तुम्हाला पायी येता येईल असं वाटतंय. अकराला निघतो. त्यातल्या एका ताईंना तुम्हाला मेसेज करायला सांगतो, आधी त्यांच्याशी बोलून बघा आणि मग ठरवा.

स्वेटरवर अजून एक स्वेटर, थर्मासमध्ये चहा, आणि बॅटऱ्या दोन आणा.

कृष्णाकाठ

ताईंचा मेसेज आला, बोलणं झालं. येते मी. डब्यात काय आणू ते सांगा, मेथीचे पराठे गार चालतील का?